हेडसेटचा माइक लॅपटॉपला दिसत नाही: तक्रार तीच, कारण दर वेळी वेगळं

सकाळी सव्वासहाला फोन वाजला की नाव न बघताच कळतं, चिपळूणची मावशी. "अरे, मला सगळ्यांचं ऐकू येतंय, पण माझं कुणालाच जात नाही. पोरं नुसती कानाला हात लावून दाखवतायत." साडेसहाला तिचा गीतेचा वर्ग असतो, ऑनलाइन. न्यू जर्सीतल्या तिघींच्या घरी तेव्हा आदल्या रात्रीचे आठ-नऊ वाजलेले असतात, म्हणजे त्यांची झोपायची वेळ. वर्ग पुढे ढकलता येत नाही आणि माझ्या हातात पंधरा मिनिटं असतात.

गेल्या दीड वर्षात हा फोन सहा वेळा आला. तक्रार शब्दशः तीच: हेडसेटचा माइक लॅपटॉपला दिसत नाही. कारण मात्र सहाही वेळा निराळं. एकदा चुकीची जोडवायर, एकदा बंद पडलेली परवानगी, एकदा अडकून बसलेला ड्रायव्हर (साउंड चिप आणि विंडोज यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम), एकदा भर जुलैत पिनवर चढलेला हिरवा कीट, आणि एकदा वायरवरचं म्यूटचं बटण नातवाने सरकवून ठेवलेलं. सहावं शेवटी सांगतो.

पहिल्या दोन वेळा मी सगळे करतात तेच केलं. रीस्टार्ट कर, ड्रायव्हर काढ, परत टाक, आणखी काहीतरी डाउनलोड कर. दोन्ही वेळा वर्ग बुडाला, आणि दोन्ही वेळा दोष ड्रायव्हरमध्ये नव्हताच. तेव्हापासून ठरवलंय, कशालाही हात लावण्याआधी आवाज नेमका कुठे अडतोय ते शोधायचं. त्याला दोन मिनिटं लागतात.

आधी टिचकी मारून बघा

माइकमधला आवाज वायरीतून पिनेपर्यंत येतो, तिथून जॅकमध्ये, मग साउंड चिपकडे. चिपशी ड्रायव्हर बोलतो, ड्रायव्हरशी विंडोज, आणि विंडोजकडून झूम किंवा मीट तो आवाज उचलतं. यात कुठेही तुटलं तरी माणूस म्हणतो "माइक दिसत नाही". पण न दिसण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

हेडसेट लावा. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जाऊन खाली इनपुट बघा. विंडोज १०मध्येही वाट जवळपास हीच. तिथे लॅपटॉपला जे जे माइक ठाऊक आहेत त्यांची यादी दिसते आणि आवाजाबरोबर हलणारी एक पट्टी. आता हेडसेटच्या माइकवर नखाने हलकी टिचकी मारा. बोलून बघू नका, टिचकीच मारा. याचं कारण असं की बहुतेक लॅपटॉपना पडद्याच्या वरच्या कडेला स्वतःचा माइक असतो, यादीत तो बहुधा "मायक्रोफोन ॲरे" या नावाने दिसतो. तुम्ही "हॅलो हॅलो" म्हणालात की तो ते ऐकतो, पट्टी नाचते, आणि तुम्हाला वाटतं हेडसेट चालू आहे. हेडसेटवरची टिचकी लांबच्या माइकला जेमतेम ऐकू येते. टिचकीला पट्टी टणकन उडाली तर माइक हेडसेटचा, नुसती थरथरली तर पडद्याजवळचा. समोरच्याला तुमच्या आवाजापेक्षा कीबोर्डची खडखड जास्त ऐकू येत असेल तर तेही याचंच लक्षण.

हेडसेटचं नावच यादीत नसेल, तर गडबड पिन, जॅक किंवा ड्रायव्हर यांपैकी कशात तरी आहे. नाव आहे पण पट्टी हलत नाही, तर म्यूट, आवाजाची पातळी आणि परवानगी हे तीन बघा. पट्टी मस्त हलतेय पण मीटिंगमध्ये कुणाला काही जात नाही, तर लॅपटॉपचा काही दोष नाही, त्या ॲपमध्ये बघा. मी फोनवर मावशीला आता एवढंच विचारतो: "नाव दिसतंय का? टिचकीला हलतंय का?" उत्तरावरून पुढचा रस्ता ठरतो.

आणि हो, हे सगळं सुरू करण्याआधी वायरवरचं छोटं सरकतं बटण बघा. तोंडासमोर दांडी असलेल्या काही हेडसेटमध्ये दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. काहींची दांडी सुटी होते, ती पूर्ण आत बसलेली नसते. शिवाय बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवरही माइक बंद करायचं बटण असतं, थिंकपॅडवर ते एफ ४ला आहे, त्यावर छोटा दिवाही लागतो. हसू येईल, पण नातवाच्या करामतीवर मी चाळीस मिनिटं घालवली आहेत.

पिनवरच्या काळ्या रेघा मोजा

नावच दिसत नसेल तर हेडसेटची पिन उजेडात धरा. ३.५ मिलिमीटरच्या या पिनवर बारीक काळ्या, पांढऱ्या किंवा रंगीत रेघा असतात. त्या रेघा म्हणजे दोन धातूंच्या मधला प्लास्टिकचा आडोसा. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग होतात: डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड, म्हणजे सगळ्यांची सामाईक परतीची तार. माइकला जागाच उरत नाही. तीन रेघा असतील तर चार भाग, आणि चौथा माइकचा. एका पिनेच्या हेडसेटवर दोनच रेघा दिसल्या तर तो हेडसेट नाही, नुसता हेडफोन आहे. त्याचा माइक लॅपटॉपला जन्मात दिसणार नाही.

दोन वेगळ्या पिना असलेले हेडसेटही मिळतात, एक हिरवी आणि एक गुलाबी. हिरवी ऐकायची, गुलाबी माइकची. हे रंग पीसीच्या जमान्यातले आहेत, आणि अशा हेडसेटला लॅपटॉपवरही दोन भोकं लागतात.

आता लॅपटॉपकडे बघा. एकच भोक असेल आणि त्याच्या शेजारी हेडफोनच्या चित्राला माइकची दांडी काढलेली असेल, तर ते दोन्ही कामं करतं. नुसतं हेडफोनचं चित्र असेल तर जपून, तिथे कदाचित फक्त ऐकूच येईल. जुन्या लॅपटॉपवर दोन भोकं शेजारी-शेजारी असतात, एकाला हेडफोन आणि दुसऱ्याला माइक. तिथे चार भागांची पिन हेडफोनच्या भोकात घातली की ऐकू येतं, पण माइक जात नाही. मावशीचा पहिला लॅपटॉप असाच होता.

त्याला एक जोडवायर लागते, आणि इथेच माणसं फसतात. दुकानात "स्प्लिटर" म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात आणि तिन्ही दिसायला भावंडं. पहिली: एका बाजूला हेडसेटसाठी भोक, दुसऱ्या बाजूला दोन पिना, हेडफोनची आणि माइकची. दोन भोकांच्या लॅपटॉपला एका पिनेचा हेडसेट जोडायला ही हवी. दुसरी हिच्या उलट: दोन भोकं आणि चार भागांची एक पिन. दोन पिनांचा जुना हेडसेट एका भोकाच्या नव्या लॅपटॉपला लावायला ही. तिसरी: एक पिन, दोन भोकं, आणि दोन्हींवर हेडफोनचंच चित्र. ती दोघांनी मिळून गाणी ऐकायला. तिच्यातून माइक कधीच जात नाही. मावशीने बाजारातून आणलेली हीच होती. दुकानदाराला तिने सांगितलं होतं, "हेडफोन लावायची दोन तोंडांची वायर द्या." त्याने मागितलं ते दिलं. विकत घेताना "माइक" हा शब्द वापरा आणि पिनेवरच्या रेघा दुकानातच मोजा.

वायर लांबवायला एक्स्टेन्शन घेतलं असेल तर त्याचीही पिन तपासा. दोन रेघांच्या एक्स्टेन्शनमधून माइक मधल्यामध्ये गळतो.

गायक गायब होतो तेव्हा

चार भागांच्या पिनेतही दोन पद्धती आहेत. आजच्या बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये ग्राउंड तिसऱ्या भागावर आणि माइक शेवटच्या, वायरीच्या बाजूच्या भागावर असतो. हिला सीटीआयए म्हणतात. जुन्या काही नोकिया आणि सोनी एरिक्सन फोनांबरोबर आलेल्या हेडसेटमध्ये हे दोन्ही अदलाबदल झालेले असतात, ती ओएमटीपी. कपाटातल्या खोक्यातून निघालेला जुना हेडसेट "चांगला आहे, टाकवत नाही" म्हणून लावला जातो, तो नेमका या जातीचा निघू शकतो.

ओळखायची खूण मोठी गमतीची आहे. असा हेडसेट लावून एखादं भावगीत ऐका. पेटी, तबला, मागचे वाद्यवृंदाचे तुकडे ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा किंवा जवळजवळ नाहीच. होतं असं की ग्राउंड नीट जुळत नाही आणि दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. आता वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. ते बटण माइकची तार ग्राउंडला टेकवतं, त्यामुळे गायक एकदम परत येतो. बटण सोडलं की परत विहिरीत. ही खूण जुळली तर सीटीआयए-ओएमटीपी अदलाबदल करणारा छोटा अडॅप्टर घ्या, किंवा त्या हेडसेटला निरोप द्या. मी दुसरं सुचवेन.

पिन अर्धवट बसली तरी लक्षण असंच दिसतं. लॅपटॉपला वरून कव्हर असेल, किंवा पिनेमागचं प्लास्टिक जाड असेल, तर शेवटचा मिलिमीटर बाहेर राहतो. तेवढ्याने माइक बंद पडतो.

जॅकमध्ये काय चाललंय

पिन आत गेली हे लॅपटॉपला जॅकमधल्या एका संपर्कावरून कळतं, आणि मग साउंड चिप अंदाज घेते की आलेली वस्तू नुसता हेडफोन आहे की माइकवाला हेडसेट. हा अंदाज पिन घालण्याच्या क्षणी, माइकच्या तारेवर किती अडथळा लागतो ते मोजून घेतला जातो. पिन हळूहळू, घाबरत घाबरत घातली की वाटेत तिचे भाग चुकीच्या जागी टेकतात आणि चिप "हेडफोन" असा निकाल देऊन मोकळी होते. एकदा दिलेला निकाल पिन बाहेर काढेपर्यंत सहसा बदलत नाही. म्हणून: पिन पूर्ण बाहेर काढा, पाच सेकंद थांबा, आणि एका दमात टक्क आवाज येईपर्यंत आत घाला. फुकटचा उपाय आहे आणि लागू पडण्याचं प्रमाण माझ्या अनुभवात बरंच आहे.

दुसरी गोष्ट कीट आणि कचरा. हेडसेटमधल्या छोट्या माइकला चालायला लॅपटॉपकडून थोडा, दोन-अडीच व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो, आणि तो आवाजाच्याच तारेवरून येतो. गाणी मळक्या पिनेतूनही रेटून निघतात, माइक तेवढा सोशिक नसतो. कोकणातल्या पावसाळ्यात पिनेवरचा मुलामा घासला गेला की खालच्या पितळेवर हिरवट थर चढतो. मावशीच्या पिनेचा शेवटचा भाग, म्हणजे नेमका माइकचा, टॉर्चखाली असा शेवाळलेल्या घंटेसारखा दिसत होता. मऊ सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पिन पुसली, वाळू दिली, आणि पट्टी हलायला लागली.

जॅकच्या आत बॅगेतली लव साचते. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि मग कोरडी लाकडी काडी अगदी अलगद फिरवा किंवा हवेचा फवारा मारा. टाचणी, सुई, उघडी क्लिप नको, आतल्या पत्त्या वाकल्या तर काम वाढेल. तोंडाने फुंकरही नको, वाफ जाते.

हेडसेट बरा आहे की नाही याची शहानिशा जॅक असलेल्या फोनवर करून घ्या. फोनचा रेकॉर्डर लावून परत तीच टिचकी. तिथेही काही नाही तर लॅपटॉपच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तो चौकोन बंद करू नका

बऱ्याच लॅपटॉपवर पिन घातली की कोपऱ्यात एक चौकोन उघडतो: तुम्ही कोणतं उपकरण लावलंत? पर्याय असतात हेडफोन, हेडसेट, माइक, कधी स्पीकर. घाईत आपण फुलीवर क्लिक करतो आणि लॅपटॉप "हेडफोन" धरून चालतो. काही ठिकाणी "पुन्हा विचारू नका" अशी टिकही असते, ती एकदा पडली की प्रश्न परत येत नाही. मग रियलटेक ऑडिओ कन्सोल किंवा तुमच्या लॅपटॉपच्या आवाजाचं जे ॲप असेल ते उघडा, त्यात जॅकच्या सेटिंगमध्ये उपकरण लावल्यावर विचारायचा पर्याय परत चालू करा, पिन काढून घाला आणि या वेळी हेडसेट निवडा.

नाव तरीही नसेल तर कदाचित ते लपलेलं आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबा, उघडलेल्या खिडकीत रोमन लिपीत एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल असं सलग टाइप करा. जुनी साउंडची खिडकी उघडेल. मायक्रोसॉफ्टने सगळ्या सेटिंग्जला नवा रंग दिला, पण खरं काम अजून या जुन्या खिडकीतच पटकन होतं. रेकॉर्डिंग टॅबवर जा, रिकाम्या जागेत उजवं क्लिक करा आणि डिसेबल्ड व डिसकनेक्टेड दोन्ही प्रकारची उपकरणं दाखवायला सांगा. करड्या रंगाचा माइक उगवला तर त्याच्यावर उजवं क्लिक, इनेबल, मग सेट ॲज डीफॉल्ट, आणि डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइसही तोच. प्रॉपर्टीजमध्ये लेव्हल्सवर जाऊन पातळी शून्यावर किंवा म्यूटवर नाही ना बघा. बूस्ट असेल तर तो पहिल्याच फटक्यात पूर्ण चढवू नका, समोरच्याच्या कानात सरसर जाते.

परवानगी

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथे एकाखाली एक तीन पायऱ्या आहेत: मुळात माइक वापरू द्यायचा का, ॲपना द्यायचा का, आणि अगदी तळाशी डेस्कटॉप ॲपना द्यायचा का. माणसं वरच्या यादीत झूम शोधतात, ते सापडत नाही, आणि "परवानगीचा तर प्रश्नच नाही" म्हणून बाहेर येतात. झूमसारखे इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम त्या तळाच्या बटणाखाली येतात. विंडोज १०च्या एप्रिल २०१८च्या अपडेटपासून ही परवानगी अशा प्रोग्रॅमनाही लागू झाली. त्याआधीच्या सवयीने बघणाऱ्यांचा तिथे घोटाळा होतो. मावशीकडेही तळाचंच बटण बंद होतं. कुणी बंद केलं, विचारू नका. "मी काहीच केलं नाही" हे वाक्य मी आता पुरावा म्हणून धरत नाही.

विंडोज ११मध्ये आणखी एक जागा आहे. साउंडमध्ये त्या माइकच्या नावावर क्लिक केलं की आत अलाउ किंवा डोन्ट अलाउ असं असतं. तेही बघा. ब्राउझरमधून मीट वापरत असाल तर पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करून माइकला परवानगी आहे का बघा. काही अँटिव्हायरस माइकवर स्वतंत्र पहारा ठेवतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर कदाचित हे सगळं वरूनच बंद केलेलं असेल, तिथे आयटीवाल्यांशिवाय काही हलत नाही.

रोज रात्री बंद केलेला लॅपटॉप

"मी तर रोज रात्री शट डाउन करते." मावशी खोटं बोलत नव्हती. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अपटाइम, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे, ते बघितलं, तर १९ दिवस. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउनमध्ये यंत्रणेचा गाभा पुसला जात नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर त्याच अवस्थेत परत उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून शट डाउन नको, रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. तेवढ्यावर मावशीचं काम झालं.

नाहीच झालं तर ड्रायव्हर. इथे क्रम महत्त्वाचा. आधी तुमच्या लॅपटॉपच्या मॉडेलचं किंवा सिरियल नंबरचं पान कंपनीच्या साइटवर उघडून ऑडिओ ड्रायव्हर उतरवून ठेवा. नव्या इंटेल लॅपटॉपवर इंटेल स्मार्ट साउंड असा वेगळा ड्रायव्हर असतो, पानावर असेल तर तोही घ्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्सखालचं ऑडिओचं नाव अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हरही काढायची टिक करा, रीस्टार्ट करा, आणि उतरवलेला टाका. "तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या साइटवरून काही घेऊ नका.

हा त्रास अपडेटनंतरच परत परत येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव काय आहे ते बघा. "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस" असं साधं नाव असेल तर विंडोजने आपला सर्वसाधारण ड्रायव्हर लावलेला आहे. गाणी त्याच्यावर झकास वाजतात. पण तुमच्या जॅकचा कोणता पाय माइकचा हे त्याला ठाऊक असेलच असं नाही, ते कंपनीच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं. प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर पेटलेलं असेल तर आधी ते दाबून बघा.

बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीची लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) ऑडिओ किंवा माइक बंद करायची सोय काही लॅपटॉपवर असते. पडद्यावरचा माइक, स्पीकर, सगळंच नाहीसं झालं असेल तरच तिकडे जा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात

ब्लूटूथ हेडसेटला पिन नाही, पण त्याचे दोन अवतार असतात. गाणी ऐकायच्या अवतारात आवाज फक्त तुमच्याकडे येतो, माइक नसतोच. बोलायचा अवतार म्हणजे हँड्सफ्री. तो चालू झाला की माइक येतो आणि आवाजाचा दर्जा एकदम फोनसारखा पडतो. हा बिघाड नाही. माइक दिसतच नसेल तर हेडसेट विसरायला सांगून परत जोडा, आणि तो त्याच वेळी खिशातल्या मोबाइलला चिकटलेला नाही ना बघा. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर पिन लावताच तोच प्रश्न येतो, हेडफोन की हेडसेट. नाही आला तर पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल टाकून इनपुट डिव्हाइसेसमध्ये हेडसेट मायक्रोफोन निवडा आणि अल्सामिक्सर या आवाजाच्या पातळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो म्यूट नाही ना ते बघा. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये साउंडचा इनपुट आणि प्रायव्हसीतला मायक्रोफोन, बस.

जॅकच गेला असेल तर

हेडसेट फोनवर चालतो, दुसरा हेडसेटही या लॅपटॉपवर दिसत नाही, पिन जरा वाकडी धरली की क्षणभर येतो आणि जातो, तर जॅक सैल झाला आहे. काही लॅपटॉपमध्ये तो छोट्या वेगळ्या पट्टीवर असतो, बदलणं सोपं. मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेला असेल तर मी उघडू देत नाही. यूएसबी साउंड कार्ड म्हणून अंगठ्याएवढी वस्तू मिळते, तिला स्वतःची साउंड चिप असते, वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही आणि खर्च काही शेकड्यांत भागतो. घेताना तीच काळजी: एक भोक असेल तर चार भागांची पिन चालते असं लिहिलेलं हवं, दोन भोकं असतील तर जोडवायर लागेल. आणि यूएसबी-सी ते हेडफोन असा फोनसाठीचा स्वस्त अडॅप्टर उचलू नका. काहींमध्ये चिपच नसते, नुसत्या तारा असतात, आणि त्या लॅपटॉपवर मुक्या राहतात.

मावशीला मी असंच एक कार्ड दिलं, लाल दोरा बांधून, डावीकडच्या पोर्टमध्ये कायमचं. आठवडाभर शांतता. मग सव्वासहाला फोन. हा तो सहावा. नाव दिसतंय, टिचकीला पट्टी उडतेय, पण वर्गात शांतता. झूमने जुन्या जॅकचा माइक लक्षात धरून ठेवला होता आणि नव्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नव्हतं. "मावशी, झूममध्ये माइकच्या चित्राशेजारी छोटा बाण आहे ना, तो दाब. यादीत सगळ्यात वर कसली टिक आहे?" तिने वाचून दाखवलं. "ती काढ आणि सेम ॲज सिस्टमवर दे." पलीकडून तिचा फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, स्पीकरवर, पाच-सहा पोरींचं एकदम "गुड मॉर्निंग, आजी". सहा एकोणतीस झाले होते.